शुगर पडते, पण कळतच नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दादाला अकराव्या वर्षी टाइप 1 डायबिटिस निघाला. आज तो एक्केचाळीस वर्षांचा आहे. पहिली पंधरा-सोळा वर्षं शुगर पडायला लागली की तो स्वतःच "आई, साखर आण" म्हणून हाक मारायचा. पुढे त्या हाका कमी होत गेल्या आणि शेवटी थांबल्या. आम्हाला वाटलं, आता शुगर पडत नाही, छान चाललंय. शुगर तेव्हाही पडत होती. हाक मारायला लावणारी आतली घंटा तेवढी बंद झाली होती. तेव्हापासून मी हा विषय वाचते आहे आणि डायबिटिस असलेल्यांच्या घरच्यांशी बोलते आहे. सगळीकडे मला जवळजवळ हेच प्रश्न विचारले जातात. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. इन्सुलिनचा किंवा गोळीचा डोस मात्र डॉक्टरांशी बोलूनच बदला.

शुगर "लो" म्हणजे नेमकी किती?

70 च्या खाली गेली की लो. 54 च्या खाली गेली तर ती गंभीर धरायची, मग त्रास होवो न होवो. याहून वरची पायरी आकड्यावर ठरत नाही. शुद्धीवर यायला, साखर तोंडापर्यंत न्यायला दुसऱ्या माणसाची मदत लागली, तर तो सर्वांत गंभीर प्रकार. लंडनच्या किंवा टोरंटोच्या नातेवाइकांच्या मीटरवर 3.9 दिसतं ते वेगळ्या एककात असतं. त्याला 18 ने गुणा, की आपला आकडा मिळतो.

शुगर पडते आहे हे शरीराला मुळात कळतं कसं?

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो खातो जवळजवळ पाचवा हिस्सा. आणि त्याच्या घरात साठवणीचा डबा जवळजवळ नाहीच. रक्तातून ग्लुकोज येत राहिलं तरच त्याचं काम चालतं. म्हणून शुगर उतरायला लागली की शरीर एकामागून एक पहारे उभे करतं.

डायबिटिस नसलेल्या माणसात शुगर 80 च्या आसपास आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं आवरतं घेतं. 65 ते 70 च्या दरम्यान ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनालिन ही साखर वाढवणारी हार्मोन्स वाढतात आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. तरीही उतरतच राहिली तर पंचावन्नच्या आसपास माणसाला ते जाणवतं. दरदरून घाम, हाताला कापरं, छातीत धडधड, आणि अशी भूक की समोर येईल ते खावंसं वाटतं. ही सगळी अ‍ॅड्रेनालिन आणि त्याच्या जोडीच्या नसांची कामं. त्याच्याही खाली, पन्नासच्या सुमाराला, मेंदूच उपाशी पडायला लागतो. बोलणं जड होतं, हिशेब चुकतो, समोरचं दोन-दोन दिसतं, माणूस चिडतो किंवा नुसता बघत बसतो.

हा क्रम लक्षात ठेवा. आधी घाम-कापरं, मग डोकं बधिर. डोकं चालू असताना इशारा मिळतो, म्हणून माणूस उठून साखर खाऊ शकतो.

मग काहींना तो इशारा मिळेनासा का होतो?

हाच खरा प्रश्न आहे, आणि उत्तर ऐकून बहुतेक जण चमकतात. शुगर वारंवार पडते, म्हणूनच ती पडलेली कळेनाशी होते.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथले डॉ. फिलिप क्रायर आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हे दाखवलं. डायबिटिस नसलेल्या निरोगी माणसांची शुगर दुपारी मुद्दाम खाली आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत खाली आणली, तर अ‍ॅड्रेनालिन कमी सुटलं आणि लक्षणंही कमी जाणवली. निरोगी माणसात हा फरक एका दुपारमुळे पडतो. ज्याची शुगर आठवड्यातून तीन-चारदा पडते त्याचं काय होत असेल, याचा अंदाज करा. आधी इशारा 60 ला मिळायचा, मग 55 ला, मग 45 ला. तोपर्यंत मेंदूच बधिर झालेला असतो. इशाऱ्याची रेघ खाली सरकते आणि मेंदू बंद पडण्याच्या रेघेच्याही खाली जाते. क्रम उलटा होतो.

टाइप 1 मध्ये आणखी एक नुकसान आधीच झालेलं असतं. ग्लुकागॉन बनवणाऱ्या पेशी शाबूत असतात, पण त्यांना "आता सोडा" हा निरोप शेजारच्या इन्सुलिनच्या पेशींकडून मिळतो. शेजारचं इन्सुलिन कमी झालं, हाच तो निरोप. टाइप 1 मध्ये इन्सुलिनच्या या पेशीच नष्ट झालेल्या असतात. शेजारीच उरला नाही तर निरोप देणार कोण? त्यामुळे आजार झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच शुगर पडल्यावर ग्लुकागॉन वाढेनासं होतं. टोचलेलं इन्सुलिन तर आपोआप कमी होत नाही. म्हणजे तीनपैकी दोन पहारे गेलेले. उरलेल्या अ‍ॅड्रेनालिनवर सगळी भिस्त, आणि वारंवारच्या लो शुगरने तेही झोपतं.

डॉक्टर याला हायपोग्लायसेमिया अनअवेअरनेस म्हणतात. मराठीत यासाठी रुळलेला शब्द नाही. आमच्या घरी आई म्हणते, "घंटा वाजत नाही."

मला पन्नासला काहीच होत नाही. म्हणजे माझ्या शरीराला सवय झाली, चांगलंच नाही का?

हे वाक्य मी कितीतरी जणांकडून ऐकलं आहे. प्रत्येक वेळी मला एक सकाळ आठवते.

दादा ऑफिसला जायच्या तयारीत पलंगाच्या कडेवर बसला होता. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात घालत होता. चुकलं, की शांतपणे काढायचं आणि पुन्हा तिथेच घालायचं. असं तीनदा झालं. ना घाम, ना कापरं, चेहरा अगदी निवांत. मी विचारलं, "दादा, शुगर बघू का?" तर म्हणाला, "मी ठीक आहे गं. उगाच मागे लागू नकोस." बोट टोचलं. मीटरवर 38. मी त्याला आकडा दाखवला. त्याने वाचला, मान डोलावली आणि परत बटण लावायला लागला.

बरं नसल्याचं ज्या मेंदूने सांगायचं, तोच उपाशी होता. म्हणून "मी ठीक आहे" या उत्तराला तेव्हा काही अर्थ नसतो. लक्षणांची सवय होते, धोक्याची होत नाही. एडिंबरामध्ये 1994 साली टाइप 1 च्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात, इशारा न मिळणाऱ्यांना दुसऱ्याची मदत लागेल इतकी शुगर पडण्याचं प्रमाण जवळजवळ सहापट आढळलं. अशा प्रसंगात फिट येऊ शकते, पडून डोक्याला मार लागू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

हे कोणाला होतं? फक्त टाइप 1 वाल्यांना?

टाइप 1 च्या प्रौढांपैकी साधारण पाचातल्या किंवा चारातल्या एकाला. इन्सुलिन घेणाऱ्या टाइप 2 वाल्यांत सुमारे दहातल्या एकाला. आजार जितका जुना तितकी शक्यता जास्त. आपल्याकडे टाइप 2 चे रुग्ण पुष्कळ, म्हणून दहातला एक ही संख्याही मोठी होते.

गोळ्यांवर असणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा पडत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात, जेवण झालेलं असो वा नसो. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं एकदा चष्मा लावून वाचाच.

आजोबांची शुगर पडली तर ते फक्त गप्प होतात. वयामुळे असेल का?

असू शकतं. तरुणपणी आधी घाम-कापरं येतं आणि डोकं बधिर व्हायला मध्ये थोडा अवधी मिळतो. म्हातारपणी हा अवधी जवळजवळ मिटतो. दोन्ही एकदमच होतं, किंवा डोकं आधी जातं. त्यामुळे आजोबा गप्प बसणं, आजीने भाजीत दोनदा मीठ घालणं, चालताना झोक जाणं, संध्याकाळी अचानक चिडणं, हेच लो शुगरचं लक्षण असू शकतं. घरात मात्र त्याला "वय झालं" म्हणतात, कधी विसरभोळेपणा, कधी चक्क अर्धांगवायूचा झटका समजून धावपळ होते. यातलं काहीही दिसलं तर आधी बोट टोचून शुगर बघा, त्याला एक मिनिट लागतं. शुगर ठीक निघाली आणि तोंड वाकडं किंवा हात लुळा असेल तर मग क्षणभरही थांबू नका.

किडनी कमजोर असेल तर काळजी दुप्पट. इन्सुलिन आणि वरच्या गोळ्यांपैकी काही शरीरातून बाहेर पडायला वेळ लावतात आणि तोच जुना डोस भारी पडतो. क्रिएटिनिन वाढलं की साखरेच्या औषधांचा फेरविचार करायला डॉक्टरांना आठवणीने सांगा.

झोपेत शुगर पडली तर कळतं का?

गाढ झोपेत अ‍ॅड्रेनालिन मुळातच कमी सुटतं, त्यामुळे जाग येईलच असं नाही. सकाळी उशी ओली, डोकं जड, रात्रभर विचित्र स्वप्नं, अंथरुणाचा पार चोळामोळा झालेला, असं वारंवार होत असेल तर दोन-तीन रात्री पहाटे तीनला गजर लावून शुगर तपासा. आणि रात्रीची ही न कळलेली लो शुगर दुसऱ्या दिवसाची घंटाही बंद करते.

बीपीच्या गोळीमुळे असं होतं का?

प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्यांनी धडधड आणि थरथर दबू शकते. घाम मात्र दबत नाही, कारण घामाच्या नसांचं काम वेगळ्या रसायनावर चालतं. या गोळ्या घेत असाल तर घामाकडे लक्ष ठेवा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

आणि दारू?

दारू पचवण्यात गुंतलेलं लिव्हर नवीन साखर बनवणं थांबवतं. त्यात माणसाची शुद्ध हरपते, आणि आजूबाजूचे "जास्त झाली" म्हणून त्याला झोपवून देतात. रात्री प्यायलेल्या दारूने दुसऱ्या दिवशी सकाळीही शुगर पडू शकते.

इन्सुलिन बदललं तेव्हापासून कळत नाही. इन्सुलिनचा दोष असेल का?

हा वाद जुना आहे. 1982 नंतर गाय-डुकराच्या इन्सुलिनच्या जागी ह्यूमन इन्सुलिन आलं आणि पुष्कळ रुग्णांनी हीच तक्रार केली. बरेच अभ्यास झाले, पण इन्सुलिनच्या प्रकारामुळे इशारा जातो असं ठामपणे सिद्ध झालं नाही. मात्र त्याच काळात घरोघरी मीटर आले आणि शुगर काटेकोर ठेवायचा आग्रह वाढला, म्हणजे लो जायचे प्रसंगही वाढले. त्या रुग्णांना खोटं ठरवायची घाई मी करणार नाही. त्यांना जाणवत होतं ते खरं होतं.

आपल्याकडे इन्सुलिन बदलताना एक वेगळीच, फार महागात पडणारी चूक होते. आपल्या साध्या बाटल्या बहुतेक 40 युनिटच्या (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट) असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनचं आणि काही बाटल्यांचं इन्सुलिन 100 युनिटचं असतं, त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर शरीरात 50 युनिट जातं. अडीचपट! दुकानदाराने "तीच आहे" म्हटलं तरी बाटली आणि सिरिंज शेजारी धरून आकडे जुळवा.

मला हे झालंय की नाही, कसं ओळखू?

स्वतःला एक प्रश्न विचारा: शुगर पडायला लागली की मला कळतं का? "नेहमी कळतं" याला 1 आणि "कधीच कळत नाही" याला 7 असे गुण धरा. 4 किंवा जास्त आले तर इशारा कमजोर झाला आहे असं समजतात. दवाखान्यात वापरायची ही खरीखुरी पद्धत आहे. आठ प्रश्नांची दुसरी एक प्रश्नावलीही आहे.

मी आणखी एक सुचवते. मीटरच्या मेमरीत जा, 60 च्या खालचे आकडे काढा आणि प्रत्येकापाशी आठवा, तेव्हा काय वाटत होतं? "काही नाही, सहज तपासली" असं उत्तर निम्म्या वेळा आलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. आणि हाच प्रश्न बायकोला, नवऱ्याला, आईला स्वतंत्रपणे विचारा. त्यांचं उत्तर बहुधा वेगळं असतं आणि बहुधा तेच बरोबर असतं.

गेलेला इशारा परत येतो का?

येतो. पूर्ण नाही, सगळ्यांना सारखा नाही, पण येतो. मला सगळ्यात मोठ्याने सांगायचं आहे ते हेच, कारण आमच्या घरी हे कोणी सांगितलंच नव्हतं. वर्षानुवर्षं "जपून राहा" एवढंच कानावर पडलं.

1993-94 मध्ये इटलीतल्या पेरुजा, लंडन आणि सेंट लुईस इथल्या तीन वेगवेगळ्या गटांनी एकच गोष्ट करून पाहिली. शुगर अजिबात लो जाऊ द्यायची नाही. काही आठवडे, काही महिने ते कसोशीने पाळलं. लक्षणं परत आली, तीसुद्धा वर्षानुवर्षांच्या जुन्या रुग्णांत. अ‍ॅड्रेनालिन पूर्वीइतकं भरून आलंच असं नाही, टाइप 1 मधलं ग्लुकागॉन तर परतत नाही. पण घाम परत आला, कापरं परत आलं, आणि साखर खायला उठण्यापुरतं तेवढं बस होतं.

दादाच्या डॉक्टरांनी टार्गेट काही काळ वर नेलं. जेवणाआधी 100 च्या खाली नको, झोपताना 140 च्या खाली नको. रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. पोटावर एकाच जागी टोचून टोचून झालेल्या मऊ गाठी दाखवल्या. गाठीत टोचलेलं इन्सुलिन कधी मुरतं, कधी एकदम सुटतं, म्हणून त्या जागा बंद केल्या. पाचव्या आठवड्यात दादा वहिनीला म्हणाला, "हात बघ गं, थरथरतोय का?" मीटरवर 61 होते. थरथरणारा हात बघून आई रडली, आणि शेजारच्या काकूंना वाटलं काहीतरी वाईट घडलं.

पण डॉक्टर तर तीन महिन्यांची साखर सातच्या खाली आणा म्हणतात. शुगर वाढू देणं चुकीचं नाही का?

दोन्ही म्हणणी आपापल्या जागी खरी आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या 1,441 टाइप 1 रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 1993 मध्ये आले. काटेकोर शुगरने डोळे, किडनी आणि नसा वाचतात हे त्यातून पक्कं झालं. त्याच अभ्यासात काटेकोर गटाला गंभीर लो शुगर सुमारे तिप्पट वेळा झाली. म्हणून ज्याची घंटा बंद आहे, जो म्हातारा आहे, एकटा राहतो, त्याच्यासाठी टार्गेट सैल करतात. साडेसात, कधी आठसुद्धा.

आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, फसवी असते. 40 आणि 300 यांच्यात हेलपाटे घालणाऱ्याचाही एचबीएवनसी दिसायला देखणा येतो. "तुमचा रिपोर्ट छान आहे" हे ऐकून उठू नका. मीटरची मेमरी डॉक्टरांसमोर ठेवा.

सेन्सर लावला की प्रश्न सुटतो का?

बराचसा सुटतो. दंडावरचा सेन्सर दर काही मिनिटांनी शुगर मोजतो आणि आकडा खाली जाताना ओरडतो. आतली घंटा नाही तर बाहेरची. पण सगळ्याच सेन्सरना अलार्म नसतो, घेण्याआधी हे विचारा. तो रक्तातली शुगर न मोजता कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, म्हणून शुगर भराभर पडताना काही मिनिटं मागे असतो. झोपेत त्या दंडावर भार आला तर खोटा लो दाखवतो. शंका आली की बोट टोचा. कायम परवडत नसेल तर चौदा दिवसांचा एक सेन्सर लावूनही रात्री काय चालतं ते उघडं पडतं.

शुगर पडली की काय द्यायचं? पेढा चालेल?

पेढा, चॉकलेट, बर्फी नको. त्यातल्या तुपा-दुधाने साखर रक्तात उशिरा पोहोचते. 15 ग्रॅम ग्लुकोज द्या, म्हणजे चहाचे सपाट चार चमचे पावडर पाण्यात. पंधरा मिनिटांनी परत तपासा. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली आणि जेवणाला वेळ असेल तर अर्धी पोळी किंवा बिस्किटं.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साखर, गूळ, सरबत लवकर चढत नाही, कारण साखर फोडण्याचं काम ती गोळी अडवून धरते. अशा वेळी साधी, बिनस्वादाची ग्लुकोज पावडरच हवी. आमच्याकडे ती देवघराशेजारच्या फळीवर, पर्समध्ये आणि स्कूटरच्या डिकीत असते.

बेशुद्ध पडला तर?

तोंडात काहीही घालू नका, साखरसुद्धा नाही. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. कांदा हुंगवत, चप्पल शोधत बसू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, "डायबिटिस आहे, शुगर पडली आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा. घरात ग्लुकागॉनचं औषध असेल आणि द्यायला शिकला असाल तर द्या. गोळ्यांमुळे शुगर पडली असेल तर शुद्धीवर आल्यावरही लगेच घरी आणू नका. ती दिवसभरात परत पडू शकते.

एकादशीला, वारीला काय करायचं?

उपासाच्या दिवशी गोळी नेहमीची आणि पोटात एक केळं, असं फार जण करतात. आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवसाचा डोस ठरवा. शुगर पडल्यावर "उपास मोडेल" म्हणून साखर नाकारणाऱ्या एका मावशींना मी एवढंच म्हटलं, "मावशी, साखर उपासाला चालते." त्यांनी लगेच घेतली. वारीत रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणं होतं. चालण्याने इन्सुलिन जास्त लागू पडतं आणि त्याचा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. दिवसभराच्या श्रमांनी दुसऱ्या दिवशीचा इशाराही मंदावतो. डोस, तपासायच्या वेळा आणि दिंडीतला एक माहितगार सोबती, हे निघण्याआधी ठरलेलं असावं.

गाडी चालवू का?

इशारा अजिबात मिळत नसेल तर तो परत येईपर्यंत चालवू नका. दादाने सात महिने लोकलने प्रवास केला. कमी मिळत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांना मिळतो त्यांनीही निघण्याआधी तपासा, 90 च्या खाली असेल तर आधी खा, आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून पुन्हा तपासा.

ऑफिसमध्ये सांगावं का? लोक काय म्हणतील?

सांगावं, निदान दोघांना. शेजारी बसणाऱ्याला आणि रोज डबा एकत्र खाणाऱ्याला. लांबलचक सांगायची गरज नाही. "मी उगाच चिडलो, एकच गोष्ट परत परत करायला लागलो, किंवा नुसता बघत बसलो, तर मला न विचारता ग्लुकोज दे. ड्रॉवरमध्ये आहे. मी नको म्हटलं तरी दे." दादाने हे त्याच्या टेबलाजवळच्या मित्राला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग गेल्या वर्षी तू माझ्यावर ओरडला होतास, ते हेच होतं का?" दादाला ते ओरडणं आठवतही नव्हतं.